कळ

धुळ्यात, आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत,
एका दैनिकाच्या मागच्या खोलीत
मी बावीस वर्षं ऱ्हस्वदीर्घ पाहतो.
बातमी कुणाचीही असो, वेलांटी माझी.

त्या रात्री तिसऱ्या पानावर, दोन कॉलमी:
'सरपंच रामकोरबाई कळसूत्री, कारभार दिराच्या हाती.'
खाली नेहमीचं, 'सूत्रांनी सांगितले.'
दोन्हीकडचा सू तपासला. दीर्घ. बरोबर.
पान सोडलं.

शब्द जुनाच.
त्याच्याही आधी एक होता, साइखडें,
तो पोथीतच राहिला,
त्याच्या बाहुल्या कधी वाळवीला गेल्या कोण जाणे.
मग कळ आली, म्हणजे युक्ती, खुंटी, चाप.
सूत तर इथलंच, काळ्या रानातलं, सरकीतून सुटलेलं.
दोघांची गाठ बसली
तेव्हा जत्रेत कळसूत्री म्हटलं की
नवल असेल त्यात, मशालीच्या तेलाचा वास असेल,
लाकडाला पाय फुटल्याचा आनंद.
शिवी नंतर झाली.
कधी, ते मला कोशात सापडलं नाही.
कुणीतरी पहिल्यांदा
बाहुलीवरून नजर काढून वर अंधारात पाहिलं असेल,
हात शोधले असतील.
त्या रात्रीपासून असावी.

तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच आल्या,
पांझरेकाठच्या गावाहून, अकराच्या एसटीनं.
खताच्या पिशवीतून एक बाहुली काढली,
माझ्या प्रुफांवर ठेवली.
नाक झिजलेलं, अंगावर जुन्या लुगड्याचा काठ.
"हाऊ शब्द तूच लिखा ना?"
लिहिला नाही, फक्त तपासला, मी म्हणालो.
हा फरक त्यांना ऐकू गेला नाही,
किंवा गेला.
"मन्हा बाप नाचाडे हिले, झिपरू मिस्तरी.
ले, आते तू नाचाड."

पाच दोरे माझ्या बोटांत अडकवले त्यांनी,
कुकडं भरावं तशा सवयीनं.
मी ओढलं. बाहुलीनं एकदा मान लववली
आणि मला पाठ केली.
उजवा हात कानाला लागला, पाय घोळात अडकला.
संगणकावरचा हेमकांत हसला.
सागाचं लाकूड, जड.
ती डावीकडे झुकली तसा माझा कोपर वर गेला,
ती खाली बसू लागली
आणि मी खुर्चीतून उठलो.
दोरा पेरात रुतला.

"सांग, कोन कोनले नाचाडी ऱ्हायनं?
मन्हा बापना बोटे पाह्यथात मी.
खेळ सरे, आनि रातभर कळ लागे त्याले.
म्हनीसन कळसूत्री."

व्युत्पत्ती चुकीची आहे, हे मला कळत होतं.
(कळत होतं. हेही तिथलंच एक क्रियापद.)
कोशात या कळा वेगवेगळ्या,
एकीखाली एक राहणाऱ्या,
एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारख्या.
दुरुस्त करायची बावीस वर्षांची सवय
जिभेपर्यंत आली आणि थांबली.

जाताना, दोरे गुंडाळता गुंडाळता, त्या म्हणाल्या:
"देर करस कारभार. खरं शे.
पन सही मन्ही.
उद्या काही व्हयनं ते कळ माले."
खुलासा छापा म्हणाल्या नाहीत.
चहा अर्धाच घेतला.

पुढल्या आठवड्यात मुंबईहून बातमी आली,
पहिलं पान, सहा कॉलमी, कळसूत्री सरकार.
सू दीर्घ. बरोबर.
लाल पेन त्या शब्दावर टेकवलेलं,
आणि तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर
एक बारीक आडवी रेघ, अजून.
पान सोडायला उशीर झाला.
छपाईवरून दोनदा हाक आली.